शिखराला ओळख देणारा गणिती

जगातील सर्वोच्च शिखर कोणते, हे डोळ्यांनी नव्हे तर आकडेमोडीने ठरले. त्या आकडेमोडीचे शास्त्र भारतात रुजविणारे राधानाथ सिकदर मात्र दीर्घकाळ दंतकथा आणि विस्मरण यांच्या धुक्यात राहिले.

दार्जिलिंगजवळच्या टायगर हिलवरून निरभ्र पहाटे टिपलेल्या छायाचित्रात कांचनजंगा पर्वत सारी चौकट व्यापून असतो. डाव्या हाताला, दूर क्षितिजावर, काही लहान पांढरी टोके दिसतात. त्यांपैकी एव्हरेस्ट कोणते असे विचारले, तर बहुतेकांचे बोट सर्वांत उंच भासणाऱ्या टोकाकडे वळते. ते असते मकालू. एव्हरेस्ट त्याहून उंच खरे, पण ते मागे, अधिक अंतरावर असल्याने ठेंगणे दिसते. डोंगर ओळखण्याच्या कामी डोळा हा फारसा विश्वासू साक्षीदार नव्हे.

आज हे काम संगणक करतो. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के भूपृष्ठाची उंची मोजली. अशा माहितीत जमिनीच्या प्रत्येक लहान चौकोनाची उंची नोंदलेली असते. छायाचित्र कोठून घेतले हे कळले, की त्या जागेवरून प्रत्येक शिखर कोणत्या दिशेला आणि क्षितिजापासून किती अंश वर दिसायला हवे याचे गणित मांडता येते. त्यातून तयार झालेली डोंगररांगेची रेषा छायाचित्रातील रेषेशी जुळवली, की प्रत्येक टोकाचे नाव सांगता येते.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी भारतात हेच गणित उलट्या दिशेने सोडविले जात होते. शिखरांच्या जागा आणि उंची तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हत्या. ठाऊक होते ते केवळ दिशांचे आणि चढाचे कोन. ते गणित सोडविणाराही संगणकच होता. मात्र 'कम्प्युटर' हे तेव्हा यंत्राचे नव्हे, तर सर्वेक्षण खात्यातील एका हुद्द्याचे नाव होते. राधानाथ सिकदर हे त्या हुद्द्यावर चढत चढत मुख्य संगणक झालेले पहिले भारतीय होत.

डिरोझिओंचा विद्यार्थी

राधानाथांचा जन्म ऑक्टोबर १८१३ मध्ये कलकत्त्याच्या जोडासांको भागात झाला. वडिलांचे नाव तितूराम. १८२४ मध्ये राधानाथ हिंदू कॉलेजात दाखल झाले. त्या काळी हे महाविद्यालय म्हणजे बंगालमधील नव्या विचारांचे माहेरघर होते. तरुण शिक्षक हेन्री डिरोझिओ यांच्याभोवती जमलेल्या विद्यार्थ्यांना पुढे 'यंग बेंगॉल' या नावाने ओळखले गेले. रूढी, जातिभेद आणि अंधश्रद्धा यांना प्रश्न विचारणारी ही पिढी होती. राधानाथ त्याच मंडळींपैकी एक.

त्यांच्या बुद्धीचा खरा ओढा मात्र गणिताकडे होता. जॉन टायटलर या अध्यापकांनी तो हेरला आणि त्यांच्याकडून न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'चा अभ्यास करून घेतला. युरोपीय गणिताच्या या शिखरग्रंथाशी थेट झुंज घेणाऱ्या पहिल्या काही भारतीय तरुणांत राधानाथांची गणना होते. विद्यार्थिदशेतच त्यांनी दोन वर्तुळांना सामाईक स्पर्शरेषा काढण्याची एक रीत शोधली आणि ती एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

याच सुमारास भारताचे महासर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट गोलीय त्रिकोणमिती जाणणाऱ्या तरुणांच्या शोधात होते. टायटलर यांनी त्यांना राधानाथांचे नाव सुचविले. १९ डिसेंबर १८३१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, मासिक ३० रुपये वेतनावर राधानाथ खात्यात रुजू झाले. त्यानंतर अवघ्या आठवडाभराने, २६ डिसेंबर रोजी, त्यांचे गुरू डिरोझिओ कॉलऱ्याने निवर्तले. शिष्याच्या आयुष्याला नवी दिशा मिळत असतानाच गुरूचे छत्र हरपले.

हिंगणघाटपासून डेहराडूनपर्यंत

ज्या कामात राधानाथ सामील झाले, ते त्या शतकातील सर्वांत महत्त्वाकांक्षी वैज्ञानिक उपक्रमांपैकी एक होते. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायाभूत रेषा अत्यंत काटेकोरपणे मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. एका त्रिकोणाची एक बाजू आणि कोन ठाऊक असले, की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. त्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभारता येतो. अशा त्रिकोणांची साखळी विणत लॅम्बटन उत्तरेकडे सरकत गेले आणि १८२३ मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांनी देह ठेवला. विदर्भाच्या मातीत विसावलेल्या या माणसाचे काम पुढे एव्हरेस्ट यांनी हाती घेतले आणि ती साखळी १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी नेऊन भिडविली.

मैदानात कोन मोजणे हा या कामाचा केवळ अर्धा भाग होता. प्रत्येक मोजणीतील लहानसहान चुका शोधणे, पृथ्वी सपाट नसून गोल आणि ध्रुवांकडे किंचित चपटी आहे याचा हिशेब ठेवणे, तापमानाप्रमाणे मोजपट्ट्यांच्या लांबीत पडणारा फरक दुरुस्त करणे, ही सारी उस्तवार संगणकांच्या वाट्याला येई. लॉगॅरिदमची कोष्टके, टाक आणि कागद एवढीच त्यांची साधने. एक आकडा चुकला तर पुढच्या शेकडो मैलांची जागा सरकली, असा हा जोखमीचा कारभार होता.

राधानाथ त्यात लवकरच अपरिहार्य बनले. त्यांच्या तोडीचे गणिती भारतातच काय, युरोपातही थोडेच सापडतील, असा अभिप्राय एव्हरेस्ट यांनी नोंदवून ठेवला. राधानाथांना अन्य सरकारी खात्यात जाण्याची संधी आली, तेव्हा त्यांना सोडण्यास एव्हरेस्ट राजी झाले नाहीत. कौतुकाची ही एक दुसरी बाजू होती. ज्याच्यावाचून काम अडते, त्याला कामातून मोकळीकही मिळत नाही.

एक दंड, एक प्रतिकार

राधानाथ निव्वळ आकड्यांत रमणारे कारकून नव्हते, हे १८४३ मध्ये डेहराडूनमध्ये दिसून आले. सरकारी अधिकारी हमालांना आणि नोकरांना मोबदला न देता ओझी वाहायला लावत. वेठबिगारीची ही पद्धत इतकी रुळलेली होती, की तिच्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. तेथील दंडाधिकारी व्हॅन्सिटार्ट यांचे सामान सर्वेक्षण खात्यातील माणसांच्या डोक्यावर लादले गेले, तेव्हा राधानाथांनी ते सामान अडवून ठेवले.

एका भारतीय कर्मचाऱ्याने इंग्रज दंडाधिकाऱ्याचे सामान रोखणे हा त्या काळी अक्षम्य उद्धटपणा होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि राधानाथांना २०० रुपये दंड झाला. त्यांच्या प्रारंभीच्या वेतनाच्या सहा पटींहून ही रक्कम अधिक होती. परंतु या खटल्याची हकिकत कलकत्त्याच्या 'बेंगॉल स्पेक्टेटर' पत्राने छापली आणि वेठीच्या प्रथेची लाज चव्हाट्यावर आली. डिरोझिओंच्या वर्गातील धडा बारा वर्षांनीही पुसला गेलेला नव्हता.

त्याच वर्षी एव्हरेस्ट निवृत्त होऊन मायदेशी परतले आणि अँड्र्यू वॉ महासर्वेक्षक झाले. १८४९ मध्ये राधानाथांची मुख्य संगणक म्हणून कलकत्त्यास बदली झाली.

शिखर क्रमांक पंधरा

नोव्हेंबर १८४७ मध्ये वॉ हिमालयाच्या पूर्व भागात कांचनजंगाचे निरीक्षण करीत होते. तेव्हा हेच जगातील सर्वोच्च शिखर असावे असा समज होता. त्याच्या पलीकडे, सुमारे २३० किलोमीटर अंतरावर, त्यांना आणखी एक शिखर दिसले. पश्चिमेकडील एका ठाण्यावरून आर्मस्ट्राँग या सहकाऱ्यानेही एक उंच टोक पाहून त्याला 'बी' अशी खूण दिली होती. आता प्रश्न असा, की दोघांनी पाहिलेले शिखर एकच की भिन्न?

डोंगर ओळखण्याची सारी अडचण या एका प्रश्नात सामावलेली आहे. एका बाजूने टोकदार भासणारा डोंगर दुसऱ्या बाजूने पसरट दिसतो. ठाणे बदलले की मागचे शिखर पुढच्याआड लपते. रूपावरून खात्री पटत नाही. खात्री पटते ती रेषांवरून. प्रत्येक ठाण्यावरून शिखराकडे जाणारी दिशारेषा नकाशावर ओढायची. सर्व रेषा एकाच बिंदूत मिळाल्या तर शिखर एकच. मिळाल्या नाहीत तर कोठेतरी गल्लत झाली आहे.

नेपाळमध्ये प्रवेश नसल्याने निरीक्षणे दक्षिणेकडील मैदानातूनच करणे भाग होते. नोव्हेंबर १८४९ ते जानेवारी १८५० या काळात जेम्स निकोल्सन यांनी जरोल, मिर्झापूर, जनजीपती, लदनिया, हरपूर आणि मिनाई या सहा ठाण्यांवरून हे शिखर टिपले. अंतर होते १७० ते १९० किलोमीटर. मोठ्या थिओडोलाइटने तिसाहून अधिक निरीक्षणे घेतल्यानंतर हिवतापाने निकोल्सन यांना काम सोडावे लागले. मैदानातील कोन कागदावर आले होते. पुढचे काम संगणकांचे होते. हेनेसी या अधिकाऱ्याने शिखरांना रोमन क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली, तीत कांचनजंगा झाले नववे आणि हे नवे शिखर पंधरावे.

आता गणितातील खाचखळगे पाहावेत. एवढ्या अंतरावर पृथ्वीच्या गोलाईमुळे शिखर सुमारे अडीच हजार मीटर खाली गेलेले असते. याउलट हवेच्या थरांतून येताना प्रकाशकिरण वाकतो आणि शिखर खऱ्याहून उंच भासते. हे वक्रीभवन तापमान, हवेचा दाब आणि दिवसाची वेळ यांनुसार बदलते. त्याची दुरुस्ती न करता निकोल्सन यांच्या निरीक्षणांची सरासरी सुमारे ३०,२०० फूट येत होती. म्हणजे साऱ्या निष्कर्षाचा भार वक्रीभवनाच्या योग्य सूत्रावर होता.

ही दुरुस्ती झाल्यावर सहा ठाण्यांवरून सहा उंची मिळाल्या. सर्वांत कमी मिनाईची, २८,९९०.४ फूट, आणि सर्वांत अधिक हरपूरची, २९,०२६.१ फूट. शेकडो मैलांच्या त्रिकोणसाखळीतून आणि शे-सव्वाशे मैलांवरून मोजलेल्या या आकड्यांत फरक होता जेमतेम ३६ फुटांचा. सरासरी आली २९,००२ फूट, म्हणजे सुमारे ८,८४० मीटर. बेरीज नेमकी २९,००० फूट आली आणि ती अंदाजपंचे वाटू नये म्हणून दोन फूट वाढविले, अशी एक गोष्ट आजही सांगितली जाते. सहा ठाण्यांचे हे आकडे पाहता तिला आधार उरत नाही.

दंतकथा आणि हक्क

दुसरी गोष्ट त्याहून लोकप्रिय आहे. १८५२ मधील एका सकाळी राधानाथ धावत वॉ यांच्या खोलीत शिरले आणि जगातील सर्वोच्च शिखर आपल्याला सापडल्याची वार्ता त्यांनी दिली, असे तिचे स्वरूप. चित्र मनोहर आहे. परंतु १८४९ पासून राधानाथांचे कार्यालय कलकत्त्यात होते आणि वॉ यांच्या हाताखालील संगणकांचा दुसरा चमू डेहराडूनमध्ये काम करीत होता. आकडेमोड अनेक हातांतून, काही वर्षे, पुन्हा पुन्हा तपासली गेली. वॉ यांनी निष्कर्ष जाहीर केला तो मार्च १८५६ मध्ये. एका क्षणी, एका माणसाला साक्षात्कार व्हावा असे ते कामच नव्हते.

म्हणून राधानाथांचे श्रेय कमी होते काय? मुळीच नाही, उलट ते अधिक भक्कम पायावर उभे राहते. ज्या खात्याने हे शिखर ओळखले, त्याचे ते मुख्य संगणक होते. १८५१ मध्ये स्मिथ आणि थुलियर यांनी सर्वेक्षणाची अधिकृत मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तेव्हा तीतील शास्त्रीय आणि गणिती प्रकरणे राधानाथांनी सिद्ध केली होती आणि प्रस्तावनेत तसे ऋण मान्यही करण्यात आले होते. देशभरच्या सर्वेक्षकांनी ज्या रीतीने गणित करावयाचे, ती रीत शिकविणारा हा ग्रंथ होता. एखादे शिखर सापडणे ही घटना. शिखरे शोधण्याची पद्धत घालून देणे ही त्याहून मोठी कामगिरी होय.

नावांचा गोंधळ

शिखर सापडले, तरी त्याची ओळख पटण्यास आणखी अर्धशतक लागले. स्थानिक नाव निश्चित होत नसल्याचे कारण देऊन वॉ यांनी आपल्या पूर्वाधिकाऱ्याचे नाव सुचविले. खुद्द एव्हरेस्ट यांना ते रुचले नाही. आपले नाव येथील लोकांना उच्चारता येणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. नेपाळमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या ब्रायन हॉजसन यांनी 'देवधुंगा' हे नाव पुढे केले. तिबेटी बाजूचे 'चोमोलुंग्मा' हे नाव तर अठराव्या शतकातील एका फ्रेंच नकाशातही वेगळ्या वर्णात उमटलेले होते. अखेर १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 'एव्हरेस्ट' या नावावर शिक्कामोर्तब केले.

तथापि हर्मान श्लागिनटवाइट या जर्मन प्रवाशाने नेपाळमधून दिसणारे गौरीशंकर म्हणजेच एव्हरेस्ट, असे प्रतिपादन केले आणि युरोपातील अनेक नकाशांत ते नाव रूढ झाले. १९०३ मध्ये कॅप्टन हेन्री वूड यांनी काठमांडूच्या परिसरातून कोन मोजून दाखविले, की गौरीशंकर हे सुमारे ३६ मैल अलीकडचे, निराळे शिखर आहे. त्याची उंची ७,१३४ मीटर, म्हणजे एव्हरेस्टहून दीड किलोमीटरपेक्षाही कमी. केवळ दिसण्यावर विसंबून झालेली चूक पुन्हा दिशा आणि अंशांच्या गणितानेच सुधारली.

हवामान, मासिक आणि अखेरची वर्षे

कलकत्त्यात राधानाथांकडे १८५२ पासून वेधशाळेचीही जबाबदारी आली. तेथे तासातासाला हवामानाच्या नोंदी घेण्याची शिस्त त्यांनी लावली. वायुभारमापकातील पारा उष्णतेने प्रसरण पावतो, त्यामुळे निरनिराळ्या वेळच्या नोंदींची तुलना करता येत नाही. त्या सर्व नोंदी गोठणबिंदूच्या तापमानावर आणून ताडून पाहण्यासाठी त्यांनी सूत्र तयार केले. भारतीय हवामान खात्याची स्थापना व्हायला अजून दोन दशकांचा अवधी होता.

१८५४ मध्ये मित्र प्यारीचाँद मित्र यांच्यासह त्यांनी 'मासिक पत्रिका' सुरू केली. संस्कृतप्रचुर बंगालीऐवजी बोलीच्या जवळची सोपी भाषा वापरायची आणि घरातील स्त्रियांना वाचता येईल असे लिहायचे, हा तिचा हेतू. आधुनिक बंगाली गद्याच्या जडणघडणीत या छोट्या मासिकाचा वाटा मोठा मानला जातो. राधानाथ बालविवाहाचे विरोधक होते. ते स्वतः अखेरपर्यंत अविवाहित राहिले.

१८६२ मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर काही काळ त्यांनी गणित शिकविले. चंदननगरच्या गोंदलपाडा भागात, गंगेकाठी, १७ मे १८७० रोजी त्यांचे निधन झाले.

पाच वर्षांनी, १८७५ मध्ये, सर्वेक्षणाच्या मार्गदर्शिकेची तिसरी आवृत्ती निघाली. राधानाथांची प्रकरणे तीत होती. प्रस्तावनेतील त्यांचे नाव मात्र गळाले होते. याविरुद्ध बोलायला लेखक हयात नव्हता. पुढच्याच वर्षी 'फ्रेंड ऑफ इंडिया' या इंग्रजी पत्राने ही मृत माणसाची लूट असल्याची कठोर टीका केली. ती एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या लेखणीतून उतरली होती, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. त्यानंतर मात्र बराच काळ राधानाथ बंगालबाहेर जवळपास अज्ञात राहिले. २७ जून २००४ रोजी भारतीय टपाल खात्याने त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या स्मरणार्थ तिकिटे काढली, तेव्हा एका तिकिटावर त्यांची मुद्रा झळकली.

दरम्यान शिखराचा आकडाही बदलत गेला. भारतीय सर्वेक्षण खात्याने १९५५ मध्ये तो ८,८४८ मीटर ठरविला. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीनंतर तो ८,८४८.८६ मीटर असा संयुक्तपणे जाहीर केला. टाक, कोष्टके आणि शंभर मैलांवरील एक धूसर टोक एवढ्याच सामग्रीवर १८५६ मध्ये जाहीर झालेले उत्तर आजच्या उत्तराहून जेमतेम नऊ मीटरच्या आसपास कमी भरते.

आज पर्यटकाच्या भ्रमणध्वनीवर शिखराचे नाव क्षणार्धात उमटते. त्या क्षणात यंत्राला पृथ्वीच्या गोलाईची वजाबाकी आणि वक्रीभवनाची दुरुस्ती करावीच लागते. कोणी केले तरी हे गणित चुकत नाही. चुकते ते गणित करणाऱ्याचे नाव लिहून ठेवणे. राधानाथांच्या बाबतीत ही चूक एकदा जाणूनबुजून घडली आणि पुढे केवळ सवयीने चालू राहिली. ती दुरुस्त करण्यासाठी त्यांच्या पदरात न घडलेला प्रसंग टाकण्याची आवश्यकता नाही. त्यांनी खरोखर केलेले काम पुरेसे उंच आहे.